एकच नग

इतिहासात मोठ्या वस्तूंची नावं राहतात. तोफांची राहतात, तलवारींची राहतात, हत्तीघोड्यांचीसुद्धा राहतात. पण ज्या खुंटीवर ती तलवार रात्रभर टांगलेली असायची त्या खुंटीचं नाव कुठल्याही बखरीत सापडत नाही. तोफेच्या गाड्याचं चाक ज्या खिळीमुळे ऐन घाटात निसटलं नाही, त्या खिळीचा पुतळा मी तरी कुठल्या चौकात पाहिलेला नाही.

बँकेत कारकून असल्यामुळे मला या खिळ्या-खुंट्यांबद्दल पहिल्यापासून आपुलकी आहे. कारकून हा बँकेचा सुटा भाग. तो जागेवर असतो तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. रजेवर गेला की मात्र काउंटरपुढे रांग लागते आणि साहेब केबिनमधून बाहेर येऊन विचारतात, "अरे, हे आज कुठे गेले?" आमच्या अस्तित्वाची नोंद ती काय एवढीच. म्हणून आज मी टाइपरायटरचा इतिहास सांगणार आहे तो राजाकडून न सांगता स्क्रूकडून सांगणार आहे. ज्यांना राजाकडून ऐकायचा असेल त्यांनी पुस्तकं वाचावीत. ती उत्तम आहेत आणि आमच्या पगारवाढीपेक्षा जाड आहेत.

टाइपरायटर हा बंदूकवाल्यांच्या घरात वाढलेला मुलगा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या ख्रिस्तोफर शोल्स नावाच्या गृहस्थांनी आपल्या जोडीदारांबरोबर १८६८ साली त्याचं पेटंट घेतलं. पण पेटंट घेणं वेगळं आणि मशीन करणं वेगळं. हे काम १८७३ साली रेमिंग्टन कंपनीनं अंगावर घेतलं. रेमिंग्टनवाले मुळात बंदुका करायचे. यादवी युद्ध संपल्यावर बंदुकांचा खप बसला, तेव्हा ते शिवणयंत्रंही करू लागले होते. त्यामुळे १८७४ साली १२५ डॉलरला बाजारात आलेलं त्यांचं पहिलं मशीन बंदुकीपेक्षा शिवणयंत्रासारखंच दिसायचं. अंगावर फुलांची नक्षी, आणि ओळ संपली की कॅरेज मागे आणायला खाली पायानं दाबायचं पॅडल! लिहिताना पाय हलवायचे. आमच्या शाखेत अजूनही काही मंडळी याच पद्धतीनं काम करतात. खुर्चीत बसल्या बसल्या पाय सारखे हलत असतात, फक्त कॅरेज पुढे सरकत नाही.

त्या मशीनला नुसती कॅपिटल अक्षरं होती, म्हणजे प्रेमपत्र लिहिलं तरी ते ओरडून लिहिल्यासारखं दिसायचं. शिवाय अक्षरं खालून येऊन रोलरच्या पोटावर आपटत. आपण काय लिहिलं ते कागद तीन-चार ओळी वर सरकल्याशिवाय दिसतच नसे. मोठी आणि लहान अशी दोन्ही अक्षरं देणारी शिफ्टची कळ १८७८ साली आली, आणि टाइप करता करता ओळ समोर दिसण्याची सोय खऱ्या अर्थानं रूढ व्हायला १८९०चं दशक उजाडलं. ती अंडरवुड कंपनीच्या मशीननं रूढ केली. या अंडरवुडची कथा अशी सांगतात, की हे घराणं मूळचं रिबिनी आणि कार्बन पेपर करणारं, आणि रेमिंग्टन त्यांचं मोठं गिऱ्हाईक. एक दिवस रेमिंग्टननं ठरवलं, की रिबिनी आता आपल्या आपणच करायच्या. तेव्हा अंडरवुड म्हणाले, ठीक आहे, तुम्ही आमच्या रिबिनी करा, आम्ही तुमची मशीनं करतो! आणि खरोखरच त्यांनी फ्रांझ वॅग्नर नावाच्या जर्मन वंशाच्या कारागिराचं मशीन घेऊन सगळा बाजार मारला. क्षुल्लक सुट्या भागाला दुखवलं की काय होतं, हे मी आमच्या साहेबांना या गोष्टीवरून कितीदा सुचवलं आहे. पण ते रिबीन बदलावी तशी आमची बदली करतात.

ते असो. मुद्दा असा, की बंदूकवाल्यांनी टाइपरायटरला एक संस्कार दिला. एका बंदुकीचा घोडा मोडला तर दुसऱ्या बंदुकीचा काढून तिथे बसला पाहिजे. लढाईत शिपाई काही कारखान्यात परत येऊ शकत नाही. हाच संस्कार टाइपरायटरच्या अंगात भिनला. सगळं उघडं, सगळं डोळ्यांना दिसणारं, सगळं स्क्रूनं जोडलेलं आणि म्हणून सगळं सुटं होणारं. शरीरशास्त्राच्या वर्गातल्या सांगाड्याप्रमाणे त्याचं प्रत्येक हाड बोटानं दाखवता येतं. कॅरेज कसं सरकतं तेवढंच पाहा. लोकांना वाटतं, कळ दाबली की ती कॅरेजला ढकलते. तसं नाही. मागे एका गोल डबीत घड्याळासारखी स्प्रिंग असते, ती एका दोरीनं कॅरेजला सतत डावीकडे ओढत असते. दातेरी चाक त्याला धरून ठेवतं आणि कळ दाबली की एक दाता सोडतं. म्हणजे टाइपरायटरमध्ये काम पुढे जातं ते ढकलण्यामुळे नव्हे, वेळेवर सोडण्यामुळे. आणि ओळ संपल्यावर आपण लिव्हर धरून कॅरेज उजवीकडे नेतो तेव्हा पुढच्या ओळीची चावी आपणच भरून ठेवत असतो. वीज नाही, बॅटरी नाही. कारकुनाच्या दंडातली सकाळची पोळीभाजी एवढंच इंधन.

आपल्याकडे हे मशीन साहेबाबरोबर आलं आणि साहेब गेल्यावरही राहिलं. स्वातंत्र्यानंतर प्रश्न पडला, की देश आपला, फायली आपल्या, लाल फीतसुद्धा आपली, मग टाइपरायटर परका का? उत्तर मुंबईच्या विक्रोळीतून आलं. १८९७ साली कुलपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेज कंपनीनं १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखोंनी मतपेट्या करून दिल्या होत्या. त्याच कंपनीनं १९५५ साली भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर बाजारात आणला. कुलूप, तिजोरी, मतपेटी आणि टाइपरायटर. मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात आत काय आहे ते कळू न देणाऱ्या चारही वस्तू एकाच घरच्या! त्यातल्या टाइपरायटरमध्ये लहानमोठे हजाराहून अधिक भाग. त्यातला प्रत्येक भाग इथे बनवायचा म्हणजे बारीक कामाची एक अख्खी पिढी तयार करणं होतं. कलकत्त्याकडे रेमिंग्टन, मद्रासकडे हाल्डा आणि फॅसिट अशी आणखीही नावं होती. पण महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत ज्या आवाजानं दुपारची झोप मोडायची, तो बहुतेक वेळा गोदरेजचाच असायचा.

पुढे १९ जुलै १९६९ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गावोगाव शाखा निघाल्या आणि प्रत्येक शाखेत एक मॅनेजर, एक तिजोरी आणि एक टाइपरायटर जाऊन बसला. मॅनेजर बदलत. उरलेले दोघे तिथेच राहत. नवीन मशीन मागवायचं तर प्रस्ताव, त्यावर शेरा, त्यावर स्पष्टीकरण, त्यावर स्मरणपत्र, आणि ही सगळी पत्रं त्याच मोडक्या मशीनवर टाइप करायची. म्हणून कुणी नवीन मागत नसे. आहे तेच दुरुस्त करत. एक एक भाग बदलत बदलत काही मशीनं अशी झाली होती की त्यांत मूळचा फक्त नंबर उरला होता.

आता मराठीकडे येऊ. १ मे १९६० रोजी राज्य झालं, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, आणि सरकार मराठीतून बोलू लागलं. सरकार बोलणार म्हणजे टाइप करणार. पण इंग्रजीची सव्वीस अक्षरं ज्या घरात ऐसपैस राहत होती, त्याच घरात आमची बाराखडी, जोडाक्षरं, रफार, उकार आणि अनुस्वार असं एकत्र कुटुंब कोंबायचं होतं. चाळीत वाढलेल्या लोकांना अशा अडचणी नवीन नसतात. तोडगा निघाला तो चाळीच्याच पद्धतीचा. श, ष, ण, ख, घ, ध, थ, भ या मंडळींना कळेवर अर्धीच जागा मिळाली. उरलेला अर्धा भाग म्हणजे उभी रेघ, अर्थात काना. तो सगळ्यांत मिळून एक. ज्याला पूर्ण व्हायचं असेल त्यानं कान्याची कळ वापरावी, सामायिक नळासारखी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी द्यायची. काही खुणा अशा, की त्या उमटतात पण कॅरेज जागचं हलत नाही.

यामुळे मराठी मशीनवर काना ही साधी खूण उरली नाही. 'शहाणपण' हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात काना एकच दिसतो. पण मशीनवर 'श'चा एक, 'हा'चा एक आणि दोन 'ण'चे दोन, असा तो चार वेळा मारावा लागतो. शहाणपण महाग पडतं ते असं. दिवसभरात सगळ्यांत जास्त मार खाणारी कळ ती, आणि म्हणून आधी दगा देणारीही तीच. अक्षराचा छोटा ठोकळा लोखंडी दांड्याच्या टोकाला डाग देऊन, म्हणजे कथलानं जोडून बसवलेला असतो. हजारो दणक्यांनंतर एके दिवशी तो डाग सुटतो आणि काना मशीनच्या पोटात पडतो. मग काय? काका लिहावं तर 'क क' उमटतं. मामांचं 'म म' होतं. दादांचा 'द द' होतो. भाषा तर दिसतच नाही, नुसती भोकं दिसतात. पुढचे दात पडलेल्या आजोबांनी भाषण करावं तसं सगळं पत्र.

अशा वेळी मेकॅनिकला बोलवायचं. टाइपरायटरचा मेकॅनिक ही एक स्वतंत्र जात होती आणि तिच्यात मला कधी घाईत असलेला माणूस दिसला नाही. १९९९ साली मी तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासला जात होतो. तिथे महिन्यातून एकदा असे एक काका पुण्याहून एस.टी.नं यायचे. हातात रेक्झिनची पिशवी, तीत लांब दांड्यांचे पाच-सहा स्क्रूड्रायव्हर, स्प्रिंग ओढायचा आकडा, वाकड्या तोंडाचा पक्कड, ब्रश, रॉकेलची बाटली, आणि एका जुन्या औषधाच्या डबीत मेलेल्या मशीनांतून काढून जपलेले स्क्रू. आल्यावर आधी चहा. मग मशीन उघडायचं नाही. कान लावून ऐकायचं. दोन ओळी मारायला सांगायचे आणि डोळे मिटून बसायचे. 'दोरी सैल आहे' म्हणाले की दोरीच सैल निघायची.

त्यांचा एकच नियम मला पाठ आहे. ज्या कंगव्यासारख्या खाचांत अक्षरांचे सगळे दांडे बसतात, त्याला सेगमेंट म्हणतात. 'त्याला तेल घालायचं नाही. कुणी घालायला सांगितलं तर तो मेकॅनिक नाही असं समजावं.' कारण तेलावर धूळ बसते, धुळीचा चिकटा होतो आणि अक्षरं वर जाऊन परत यायला विसरतात. तिथे रॉकेल आणि ब्रश, बस्स. आमच्या सरांनी मात्र विद्यार्थ्यांच्या उत्साहाला आळा घालण्यासाठी तेलाची कुपीच कुलपात ठेवली होती.

त्या वर्षी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी तीस शब्दांची परीक्षा होती. ही परीक्षा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. इंग्रजी चाळीस, मराठी तीस अशी दोन सर्टिफिकिटं हातात असली की शेतकऱ्याच्या मुलाला कचेरीचं दार दिसायचं. मुलींना तर घराचं दार ओलांडायला घरच्यांनी मान्य केलेला तो एकच रस्ता असायचा. आमच्याबरोबर जवळच्या वाडीवरनं येणारी एक मुलगी होती. वडील नव्हते. घरी आईला तिनं सांगून ठेवलं होतं, की ही परीक्षा झाली की मी नोकरीला लागते, आणि आईनं पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं, की तोवर थांबा. पाहुणे थांबणारे नव्हते. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी, मशीनं केंद्रावर न्यायला टेंपो यायच्या आधी, ती ज्या मशीनवर सहा महिने बसली होती त्याचा काना तुटला. दुसरं मशीन देता आलं असतं. पण ज्यांनी टायपिंग केलं आहे त्यांना ठाऊक आहे, की हात हा मशीनवर बसतो, कीबोर्डावर नव्हे. परक्या मशीनवर पहिली दहा मिनिटं चाचपण्यात जातात, आणि परीक्षेत चाचपायला वेळ कुणाला आहे?

सरांनी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन केला. काका संध्याकाळच्या गाडीनं आले. टेंपोवाल्याला वडापाव देऊन थांबवलं होतं. काकांनी मशीन उलटं करून काना बाहेर काढला, जुना डाग खरवडला, स्टोव्हवर तापवलेल्या खड्यानं नवा डाग दिला. पण डाग देणं हे सोपं काम. खरं काम पुढे. काना केसभर वर बसला तरी शब्दावरची रेघ मोडते. त्यांनी कागद घातला आणि 'काका मामा दादा नाना' अशी ओळ मारली. भिंगातून पाहिली. पकडीनं दांड्याला नखाएवढा बाक दिला. पुन्हा सगळे नातेवाईक मारले. असं अकरा वेळा. मग त्या मुलीला म्हणाले, "बस पोरी. तुझ्या हातानं बघ." तिनं एक ओळ मारली आणि मान हलवली. काकांनी वीस रुपये घेतले, तेही सरांनी खिशात कोंबले म्हणून.

ती पास झाली, पंचायत समितीत लागली. आजही आमच्या बँकेत येते. मागे एकदा काउंटरवर म्हणाली, "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण उजव्या हाताचं मधलं बोट अजून कान्यावरच जातं." खरंच जातं, कारण कॉम्प्युटरवरही आमच्या पिढीनं रेमिंग्टनचाच मराठी कळफलक उचलून नेला. मशीन गेलं, पण त्याच्या कळांची जागा तेवढी आमच्या बोटांत राहून गेली.

मशीन गेलं ते एका दिवसात गेलं नाही. बँकांत तर त्याची सुरुवात १९८३ सालीच झाली. संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, आणि लेजर लिहिणारी इलेक्ट्रॉनिक मशीनं शाखेत शिरली. आमचे वरिष्ठ सांगायचे, की त्या मशीनांविरुद्धची निवेदनं टाइपरायटरवर टाइप झाली होती. त्या बिचाऱ्यानं स्वतःच्या फाशीविरुद्धचा अर्ज स्वतःच लिहिला आणि तो मंजूर झाला नाही. पुढे टायपिंगच्या परीक्षाही कॉम्प्युटरकडे वळल्या.

गोदरेजनं मात्र शेवटपर्यंत तग धरला. त्यांची टाइपरायटरची शेवटची मशीनं आमच्याच जिल्ह्याच्या वेशीपलीकडे, साताऱ्याच्या वाटेवर शिरवळला तयार होत होती. २००९ पर्यंत वर्षाला दहा-बारा हजार नग निघत होते. त्या वर्षी उत्पादन थांबलं. गंमत अशी, की ही बातमी जगाला लागली ती २०११च्या एप्रिलमध्ये. मग परदेशी वर्तमानपत्रांनी 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' असे मृत्युलेख लिहिले. ते काही खरं नव्हतं. अजून इतर ठिकाणी टाइपरायटर बनत होते. ब्रिटनमध्ये ब्रदर कंपनीनं आपला तिथला शेवटचा टाइपरायटर २०१२च्या नोव्हेंबरात बनवून लंडनच्या सायन्स म्युझियमला दिला. आणि २०१३ साली अशी बातमी आली, की रशियाच्या संरक्षक दलानं गुप्त कागदांसाठी वीस टाइपरायटर मागवले, कारण टाइपरायटरमधली माहिती दूरवरून चोरता येत नाही. शिरवळचा मृत्युलेख इतक्या लोकांनी वाचला. पण मशीन बंद होण्याआधी त्याचे स्क्रू मिळायचे बंद झाले होते, त्याबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. मोठी वस्तू मरते तेव्हा बातमी होते. सुटा भाग मरतो तेव्हा फक्त दुकानदार म्हणतो, "आता येत नाही."

हे वाक्य मी अलीकडे पुष्कळदा ऐकलं. त्याचं कारण म्हणजे एका भंगारवाल्याकडे मला एक मराठी गोदरेज दिसला. पत्रे आणि पंख्यांच्या पात्यांमध्ये तो मान खाली घालून बसला होता. लोखंडाच्या भावानं वजन करून मी तो घरी आणला. सोळा किलो भरला. सौभाग्यवतींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांना मिळून एकच प्रश्न विचारला, "हे ठेवणार कुठे?"

दोष चार-पाच होते. कॅरेज ओढणारी दोरी तुटली होती. तिच्या जागी मासे धरायची तंगूस चालते. फक्त आळंदीच्या इतक्या जवळ राहून गळ-तंगूसच्या दुकानात शिरताना ओळखीचं कुणी नाही ना, हे पाहून घ्यावं लागतं. दोन कळा वर येत नव्हत्या. बॉलपेनची स्प्रिंग कापून लावली. कागद धरणारे छोटे रोलर झिजले होते, त्यांच्यावर वायरिंगवाल्याकडची गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. मोठ्या रोलरचं रबर दगडासारखं झालं होतं. त्याला उपाय जुनाच, टाइप करायच्या कागदामागे आणखी एक कागद घालायचा. आणि काना? काना पोटातच सापडला. रेडिएटरवाल्याच्या मोठ्या खड्यानं तो जोडून घेतला आणि 'काका मामा दादा नाना' मारून जागेवर आणला. सेगमेंटला तेल घातलं नाही.

राहिला एक स्क्रू. ओळ बदलायची लिव्हर ज्यावर फिरते तो. साधा स्क्रू नाही. वर डोकं, मध्ये गुळगुळीत मान, आणि खाली आटे. कारखान्याच्या भाषेत शोल्डर स्क्रू. तो नसला तर लिव्हर लोंबकळते आणि माणूस आयुष्यभर एकाच ओळीवर लिहीत राहतो.

आता कुरुळीत राहणाऱ्या माणसाला स्क्रूची काय चिंता? पुणे–नाशिक रस्त्यावर चाकणच्या अलीकडचं आमचं गाव. चारी बाजूंना कारखाने, आणि त्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या शेडी. गोठ्याला लागून लेथ आहे, पिठाच्या गिरणीशेजारी प्रेस आहे. जगभर धावणाऱ्या गाड्यांचे भाग इथे केसाच्या दहाव्या हिश्शाइतक्या फरकानं मोजून बनतात. मी खिशात लिव्हर घालून पहिल्या शेडमध्ये शिरलो.

"किती नग?" मालकांनी विचारलं.

"एक."

"एक हजार?"

"एकच."

"सॅम्पल म्हणता का? म्हणजे पुढे ऑर्डर आहे."

"पुढे काही नाही. हाच पहिला आणि हाच शेवटचा."

"ड्रॉइंग आहे?"

"ड्रॉइंग नाही. भोक आहे. ज्यात तो बसायचा ते."

मालक वाईट नव्हते. खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मला हिशेब समजावला. "साहेब, मशीनचं सेटिंग करायला तीन तास जातात. तुमचा नग निघणार अर्ध्या मिनिटात. सेटिंग तुमच्या एका नगावर लावलं तर तो सोन्याचा पडेल. लाख घ्या, पैशांवर येईल." मी बी.कॉम. आहे. परव्यय आणि निविष्टी शिकलो आहे. हिशेबात चूक नव्हती. पण एक लाख शोल्डर स्क्रू घरी नेले असते तर सौभाग्यवतींनी तोच प्रश्न विचारला असता, आणि या वेळी मला उत्तर देता आलं नसतं.

असा मी नऊ शेडी हिंडलो. १६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांकडून घ्यायला शाहिस्तेखानाला दोन महिन्यांच्या आतबाहेर लागले. मला एक स्क्रू घ्यायला अडीच लागले. खानाजवळ निदान फौज होती. परिसरात माझी ओळख 'एक नगवाले साहेब' अशी झाली, आणि त्यातला 'नग' कुठल्या अर्थानं घ्यायचा हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

दहाव्या शेडमध्ये मालकांनी मला मागच्या बाजूला पाठवलं. तिथे कॉम्प्युटरवर न चालणारा एक जुना लेथ होता आणि त्यावर पन्नाशी उलटलेले एक मिस्त्री. त्यांनी लिव्हर हातात घेतली, उलटसुलट केली, भोकात काडी घालून पाहिली, आटे मोजायचं गेज लावलं. "जेवणाच्या सुट्टीत करतो," म्हणाले. डबा अर्धा खाऊन त्यांनी रॉडचा तुकडा पकडला, मान घेतली, डाय फिरवून आटे पाडले, डोक्याला खाच दिली. वीस मिनिटं. मी पैसे विचारले तर हात झटकले. "रोज आठशे नग करतो साहेब. गाडीत भरले की गेले. कुठे लागतात ते काही बघायला मिळत नाही. हा कुठे लागतो ते दाखवा, झालं."

रविवारी ते आले. स्क्रू त्यांनीच बसवला. लिव्हर फिरली, कागद एक ओळ वर सरकला, कॅरेज उजवीकडे गेलं आणि आत स्प्रिंग भरल्याचा बारीक आवाज आला. चहा निवत ठेवून ते बराच वेळ नुसती लिव्हर पुढे-मागे करत होते. मी म्हटलं, "काका, काहीतरी लिहा ना." त्यांनी हात रुमालाला पुसले, चष्मा लावला, आणि एका बोटानं, एकेक कळ शोधत, आपलं नाव लिहिलं. नावात तीन काने होते. तिन्ही उमटले.